मुलांना आकाश दाखवायचंय? टेलिस्कोप नंतर घ्या, आधी महिनाभर चंद्र बघा

मूल सहा-सात वर्षांचं झालं की ग्रहांची नावं ओळीने म्हणून दाखवतं. पाहुणे आले की आपणही कौतुकाने म्हणायला लावतो. त्याच मुलाला संध्याकाळी गच्चीवर नेऊन "यातला गुरू कुठला?" असं विचारलं, तर ते आपल्या तोंडाकडे बघतं आणि आपण मोबाइलकडे. घरच्या आणि सोसायटीतल्या मुलांना घेऊन मी बरीच वर्षं गच्चीवर बसते आहे. सुरुवात कुठून करायची, काय विकत घ्यायचं आणि काय मुळीच घ्यायचं नाही, ते इथे क्रमाने लिहिते. साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हे पुरतं.

माझं ठाम मत आधीच सांगते. सुरुवात चंद्रापासून करायची, तीही नुसत्या डोळ्यांनी. चंद्र मुंबईच्या झगमगाटातही दिसतो, रोज बदलतो आणि चार दिवसांत मूल स्वतः सांगायला लागतं की उद्या तो कुठे असेल. एकदा तो अंदाज खरा ठरला की त्याला गच्चीवर बोलवावं लागत नाही, तेच आपल्याला ओढून नेतं.

जवळ काय हवं

- तिथी आणि संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका
- कोरी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण खाडाखोड खूप होते
- टॉर्च आणि तिच्या काचेवर लावायला लाल जिलेटीन कागद
- सतरंजी, पाणी, डासांसाठी मलम, डिसेंबर-जानेवारीत कानटोपी
- स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा दाखवणारं अॅप, पण मोठ्यांच्या हातात

दुर्बिणीचं नंतर बघू.

१. गच्चीवरच्या दिशा पक्क्या करा

अॅप उघडून मोबाइल आकाशाकडे धरला की काम झालं, असं वाटतं. पण गच्चीवरच्या सळया, पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी यांच्याजवळ मोबाइलचं होकायंत्र हमखास चुकतं, आणि मग अॅप भलत्याच ताऱ्याला शनी म्हणतं. म्हणून दिशा स्वतः ठरवायच्या. सूर्य कुठे मावळतो ते मुलांना बघू द्या आणि खूण लक्षात ठेवू द्या: अमुक टॉवर, तमुक नारळाचं झाड.

इथे एक गंमत आपोआप कळते. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे तो पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. वहीत दर महिन्याला खूण केली तर मुलांना हे सरकणं दिसतं आणि उत्तरायण हा शब्द तिळगुळापुरता राहत नाही.

अंश मोजायला हात पुरतो. हात ताठ करून मूठ धरली की तिची रुंदी सुमारे १० अंश, करंगळीची सुमारे १ अंश. मुलांची मूठ लहान असते, पण हातही आखूड असतो, त्यामुळे हिशेब जुळतो. चंद्र फक्त अर्धा अंश रुंद आहे, म्हणजे करंगळीआड सहज लपतो. पौर्णिमेचा उगवता चंद्र केवढा मोठा दिसतो! मुलांना तेव्हाही करंगळी धरून बघायला सांगा आणि तो डोक्यावर आल्यावर पुन्हा. माप तेच निघतं.

२. एक महिना चंद्राची वही

अमावास्येनंतरच्या बीजेला किंवा तीजेला सुरुवात करा. वेळ ठरलेली हवी, समजा संध्याकाळी सात. पानाच्या खाली समोरच्या इमारतींची रेघ काढायची, वर चंद्र दिसेल तिथे दिसेल तसा काढायचा, शेजारी तारीख आणि तिथी. चित्र सुंदर येण्याची गरज नाही. उजेडाची बाजू कुठली आणि चंद्र किती वर, एवढं बरोबर आलं की पुरे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मुलं सांगतात की चंद्र रोज पूर्वेकडे सरकतोय. खरंच सरकतो, रोज सव्वा मूठभर. त्यामुळे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. शुद्ध अष्टमीला दिवेलागणीला तो जवळजवळ डोक्यावर असतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि समोरून चंद्र उगवतो.

पौर्णिमेनंतर बहुतेकांची वही बंद पडते, कारण सातला चंद्र दिसतच नाही. इथे संकष्टी कामाला येते. घरात कुणाचा उपास असेल तर चंद्रोदयाची वेळ सगळ्यांनाच पाठ असते. मुलाला सांगा, आज दिनदर्शिकेतली वेळ बरोबर आहे का ते तू तपास. समोर इमारती किंवा डोंगर असतील तर चंद्र थोडा उशिरा दिसेल. तो उशीर किती, तेही लिहायला सांगा. मग विचारा, उद्या किती वाजता उगवेल? वद्य अष्टमीच्या सुमारास शाळेत जाताना निळ्या आकाशात अर्धा चंद्र दाखवा. चंद्र दिवसाही दिसतो याचं मोठ्या माणसांनाही आश्चर्य वाटतं.

महिना संपला की दोन आकडे सांगण्यासारखे आहेत. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात. पण एखाद्या ताऱ्याजवळून निघालेला चंद्र पुन्हा त्याच ताऱ्याजवळ २७.३ दिवसांत येतो. नक्षत्रं सत्तावीस का, याचं उत्तर त्यात आहे: चंद्राचा रोजचा एक मुक्काम. ज्या नक्षत्राच्या आसपास चंद्र पूर्ण होतो त्याचं नाव महिन्याला मिळतं. कार्तिकातल्या पौर्णिमेला चंद्राजवळ कृत्तिका आहेत का, हे मुलांनी स्वतः बघावं.

३. कला का होतात: एक दिवा, एक चेंडू

"पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो." हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडून असंख्य वेळा ऐकलं आहे आणि ते चूक आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. तोंडी समजावण्याऐवजी हा प्रयोग करा.

खोली पूर्ण अंधारी करा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर शेड नसलेला एकच बल्ब लावा, तो सूर्य. प्लॅस्टिकचा पांढरा चेंडू पेन्सिलीच्या टोकावर खोचा, तो चंद्र. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. मुलाने हात लांब करून चेंडू बल्बच्या दिशेने धरायचा. त्याला चेंडूची काळी बाजू दिसेल; ही अमावास्या. आता चेंडू तसाच धरून हळूहळू डावीकडे वळायचं. आधी उजव्या कडेला उजेडाची बारीक कोर, पाव फेरीवर अर्धा चेंडू, बल्बकडे पाठ झाली की पूर्ण. फेरी चालू ठेवली की उजेड दुसऱ्या कडेकडे सरकत जातो. चेंडूचा अर्धा भाग सतत उजळलेलाच होता, आपल्याला त्यातला किती दिसतो तेवढं बदललं.

पाठ बल्बकडे असताना चेंडूवर मुलाच्या डोक्याची सावली पडते आणि मूल ओरडतं, "ग्रहण!" चेंडू थोडा वर धरायला सांगा, सावली निघून जाते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंश कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. प्रत्येक मुलाला स्वतः फिरू द्या. दुसऱ्याचं बघून हे कळत नाही.

४. वाटाणा, साबुदाणा आणि ११७ मीटर

पुस्तकातल्या चित्रांत सगळे ग्रह शेजारी शेजारी असतात. पान केवढं असतं, त्यामुळे इलाज नाही, पण अंतराचा अंदाज त्याने साफ बिघडतो. पाऊस असेल त्या दिवशी स्वयंपाकघरातून एक टपोरा वाटाणा घ्या, साधारण १ सेंटिमीटरचा. ही पृथ्वी. याच प्रमाणात चंद्र म्हणजे साबुदाण्याचा एक कच्चा दाणा. आता तो वाटाण्यापासून किती लांब ठेवायचा ते मुलांना विचारा. बहुतेक जण बोटभर अंतरावर ठेवतात. खरं अंतर ३० सेंटिमीटर, शाळेच्या पट्टीएवढं.

सूर्य १ मीटर ९ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा उंच गोळा, आणि तो ११७ मीटरवर. पाऊस थांबला की मैदानाच्या एका टोकाला वाटाणा धरून दुसऱ्या टोकाला मुलाला उभं करा. नेपच्यून याच प्रमाणात साडेतीन किलोमीटरवर जातो. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? सुमारे ३१ हजार किलोमीटरवर, म्हणजे या खेळातलं अंतरसुद्धा खऱ्या पृथ्वीवर मावत नाही. हा आकडा सांगितल्यावर थोडा वेळ थांबा, मुलं प्रश्न विचारतात.

५. ध्रुव शोधा आणि मोजा

ध्रुव सगळ्यात तेजस्वी तारा नाही, तो मध्यमसा आहे. पश्चिमेला झळाळणारी चांदणी ध्रुव म्हणून दाखवली जाते, ती बहुधा शुक्र असते.

मार्च ते जून या काळात संध्याकाळी उत्तरेकडे शेपटीवाल्या पतंगासारखे सप्तर्षी दिसतात. पतंगाच्या चौकोनातल्या शेपटीपासून दूरच्या दोन ताऱ्यांची, पुलह आणि क्रतूची, रेघ क्रतूच्या पुढे पाचपट वाढवली की ध्रुव. ऑक्टोबर ते जानेवारीत सप्तर्षी संध्याकाळी क्षितिजाखाली असतात, तेव्हा एम अक्षरासारखा शर्मिष्ठा हा तारकासमूह उत्तर दाखवतो. हे माहीत नसल्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अनेक घरांत सप्तर्षींचा व्यर्थ शोध चालतो.

सप्तर्षी दिसत असताना शेपटीतला मधला तारा नीट बघा. तो वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. लग्नात जी दाखवतात तीच ही. चष्मा न लावता कुणाला दिसते, यावर घरात चढाओढ लागते.

आता ध्रुवाची उंची मुठीने मोजा. ती तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी भरते: मुंबईत १९ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१. म्हणजे साधारण दोन मुठी. उत्तरेला उंच इमारत असेल तर ध्रुव दिसणारच नाही, जागा बदला. नातेवाईक लांब राहत असतील तर त्यांनाही मोजायला सांगा. दिल्लीच्या काकाला जवळजवळ तीन मुठी मिळतील, लंडनच्या मावसबहिणीला पाच, आणि सिडनीच्या आत्याला ध्रुव दिसणारच नाही. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा अशा रीतीने फोनवरून गोळा होतो.

६. एका बैठकीत एकच तारकासमूह

ठिपके जोडून सिंह, मिथुन, वृषभ सगळे एका रात्रीत दाखवायला गेलात तर सकाळपर्यंत एकही उरत नाही. पहिला धडा मृगाचा, डिसेंबर ते मार्च. चार पाय, आणि मध्ये एका रेषेत तीन तारे, तो हरणाला लागलेला बाण. बाणाची रेघ आग्नेयेकडे नेली की बाण मारणारा व्याध भेटतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तीच रेघ उलट बाजूला नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. गोष्ट सांगत सांगत पाच मिनिटांत अर्धं आकाश ओळखीचं होतं.

मृगाच्या चार पायांतला काक्षी हा तारा तांबूस आणि राजन्य हा निळसर पांढरा आहे. रंग आधी सांगू नका, मुलांना विचारा. मग सांगा की तांबूस तारा तुलनेने थंड आणि निळसर तारा जास्त तापलेला असतो.

खेड्यातली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो फार चांगला आहे: "मृग तर जूनमध्ये लागतो, मग तो हिवाळ्यात कसा दिसतो?" जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. सूर्याबरोबर असल्यामुळे तेव्हा मृग दिवसा आकाशात असतो, म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी कक्षेच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि तोच मृग रात्रभर डोक्यावर येतो.

उन्हाळ्यात सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेत स्वाती आणि चित्रा, ऑक्टोबरमध्ये अभिजित, श्रवण आणि हंस. पावसाळ्यात खोलीतले प्रयोग करा.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा कुणी मोबाइल उघडला की ती वीस मिनिटं पुन्हा सुरू होतात. लाल जिलेटीन त्यासाठीच आहे.

७. ग्रह

कुठला ग्रह सध्या कुठे, हे दर वर्षी बदलतं, ते अॅपवरून आधी बघून ठेवा. सर्वसाधारण खूण अशी की तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर दिसतात. शुक्र नेहमी पहाटे पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेला. आपल्याकडे मध्यरात्री तो कधीच दिसत नाही. सरकणारा, न लुकलुकणारा ठिपका दिसला तर ते बहुधा अंतराळ स्थानक किंवा उपग्रह. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं, आणि त्यात त्या क्षणी माणसं असतात हे कळल्यावर मुलं हात हलवतातच.

८. दुर्बीण कधी आणि कुठली

चंद्राची वही पूर्ण झाली आणि मुलाला चार-पाच तारकासमूह स्वतः दाखवता आले की मग. आणि तेव्हाही आधी टेलिस्कोप नको, दोन्ही डोळ्यांनी बघायची १०×५० किंवा ७×५० दुर्बीण घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). ती निसर्गभ्रमंतीलाही चालते. हातात हलते, म्हणून कठड्यावर टेकवा.

तिच्यातून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये टिपले तेच. वहीत मध्ये एक गोल आणि दोन्ही बाजूंना ठिपके, असं सलग आठवडाभर काढायला सांगा. रोज मांडणी वेगळी येते, कधी चारऐवजी तीनच दिसतात. मुलांनी विचार करावा, चौथा कुठे गेला?

खेळण्यांच्या दुकानातल्या टेलिस्कोपच्या खोक्यावर पाचशे-सहाशे पट असं छापलेलं असतं. त्याला भुलू नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे वाढवलेली प्रतिमा धूसरच होते. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट ही हद्द झाली. स्टँड हलका असेल तर तेवढंही मिळत नाही. खोक्यावरचे रंगीत तेजोमेघ डोळ्यांना तसे दिसत नाहीत, हे मुलाला घेण्याआधीच सांगा. शनीची कडी बघायला किमान २५-३० पट हवं. २०२५ मध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, त्यामुळे त्यानंतरची एक-दोन वर्षं ती बारीकच दिसतील.

चंद्रावरची विवरं बघायची तर पौर्णिमा टाळा. तेव्हा ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर लांब सावल्या असतात, विवरं तिथेच उठून दिसतात.

९. सूर्य: इथे सवलत नाही

दुर्बिणीतून किंवा टेलिस्कोपमधून सूर्याकडे बघितलं तर डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो. दिवसा ती कपाटात, कुलपात. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांपैकी काहीही सुरक्षित नाही.

सूर्याचा अभ्यास सावलीतून करा. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिना गाठा: कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३ तारखेच्या सुमारास, मुंबईत १५-१६, नागपुरात २६ च्या आसपास. वेळ बाराची नाही. मुंबईत साधारण १२ वाजून ३५ मिनिटं, नागपुरात १२ वाजून १० मिनिटं. सपाट जागी पाइपचा तुकडा सरळ उभा करा आणि अर्धा तास आधीपासून सावलीचं टोक खडूने टिपत राहा.

१०. एक रात्र अंधारात, एक दिवस लोणारला

शहरातून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. त्यासाठी अमावास्येच्या आसपास गावाबाहेर जायला हवं, आणि पहिल्यांदा जाणत्या लोकांबरोबर गेलेलं बरं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं. मुलांना पाठवताना पालकांचं संमतिपत्र, संपर्काचा फोन नंबर, नेहमीची औषधं, स्वेटर आणि स्वतंत्र टॉर्च द्या.

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली करतात. आणि बुलढाण्याला जाणं जमलं तर लोणार. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. काठावर उभं राहून मुलांना सांगा की चंद्रावरचं कोपर्निकस विवर ९३ किलोमीटरचं आहे.

११. ग्रहणाच्या दिवशी मुलांना घरात कोंडू नका

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला पूर्ण सुरक्षित आहे. घरात मोठ्यांचे नियम असतील तर भांडण नको. आजीला आधीच गच्चीवर बोलवा आणि चेंडूचा प्रयोग तिलाही करून दाखवा. सूर्यग्रहणाला मात्र प्रमाणित चष्मा हवा किंवा पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून समोरच्या कागदावर पडलेली प्रतिमा बघायची. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण आहे, पण पावसाळ्याचे दिवस, ढगांची तयारी ठेवा.

खरी तारीख लिहून ठेवायची ती ३१ डिसेंबर २०२८. थंडीचं स्वच्छ आकाश, दुसऱ्या दिवशी नवीन वर्ष, आणि खग्रास चंद्रग्रहण. रात्री साडेआठनंतर कडा काळवंडायला लागेल, दहाच्या आधी चंद्र पूर्ण सावलीत जाईल आणि अकराच्या सुमारापर्यंत तांबूस राहील. दर दहा मिनिटांनी एक चित्र, एवढं काम मुलांना द्या. पेन्सिलीबरोबर त्या दिवशी लाल खडूही लागेल.